जंपरचे पार्ट: ओरिजिनल घ्यायचे की लोकल, आणि इंजिन बसलं तर काय?

मॅन्युअलमध्ये टॅम्पिंग रॅमर, साईटवर जंपर आणि जुने मिस्त्री अजून धुम्मसच म्हणतात, ते माती-मुरूम आपटून दाबायचं चार-स्ट्रोक मशीन घेतलं की वर्षभरात हा प्रश्न येतोच. ओरिजिनल पार्ट महाग आणि कधीकधी आठ-आठ दिवस येत नाही, लोकल पार्ट दुपारी हातात मिळतो आणि चर तर उघडी पडलेली असते. मी दोन्ही वापरतो. माझा हिशोब असा की जिथून धूळ आत जाते किंवा तेल बाहेर येतं तिथे ओरिजिनलच, आणि जिथे नुसतं घासून झिजतं तिथे लोकल चालतं.

एअर फिल्टरवरच जास्त बोलतो कारण माझं नुकसान तिथेच झालंय. लोकल फिल्टरचा कागद दिसायला तसाच असतो पण कडेचं रबर कडक आणि पातळ, आणि हे मशीन मिनिटाला सहाशे-सातशे वेळा आपटतं, त्यामुळे ते रबर थोडंजरी दबलं की फट पडते आणि मुरमाची धूळ कागदाला वळसा घालून सरळ आत जाते. माझा ऑपरेटर म्हणाला मशीन धूर सोडतंय, दमही राहिला नाही. फिल्टर काढला तर नवाकोरा वाटत होता, पण कार्बोरेटरच्या तोंडात बोट फिरवलं तर बोटाला तांबडी पावडर लागली. उघडल्यावर सिलेंडरला उभ्या रेघा आणि रिंगा गेलेल्या. फिल्टरमध्ये वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट तिथे गेले. म्हणून फिल्टर ओरिजिनल घ्या आणि आठवड्यातून एकदा फिल्टरच्या आतल्या बाजूला पांढरं फडकं फिरवा, डाग आला तर फिल्टर नीट बसत नाहीये. बाहेरचा फोम साबणाच्या पाण्यात धुवून पूर्ण वाळवायचा. कागद मात्र धुवायचा नाही.

दुसरा बेलो, म्हणजे मशीनच्या खालच्या, आपटणाऱ्या पायावरचा घड्यांचा रबरी बूट. लोकल बेलो स्वस्त आहे खरा पण उन्हात घड्यांमध्ये बारीक तडे लवकर जातात, आणि तो बदलायला खालचा पाय सोडवावा लागतो, तेल काढावं लागतं, म्हणजे मजुरी दोन्हीला सारखीच. वर्षात दोनदा लोकल बदलला तर ओरिजिनलच्या पुढे खर्च जातो. तडा बघायचा तर नुसतं वरून बघू नका, अंगठ्याने घडी उघडून आतली कड बघा, तिथे तेलाचा ओलसर पट्टा आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली की वेळ झाली. क्लॅम्प एका बाजूने आवळू नका, सगळीकडून सारखा. आणि खालच्या पायात तेल वेगळं भरावं लागतं हे नवीन लोक विसरतात. इंजिनात 10डब्ल्यू-30 ग्रेडचं तेल, पायातही बहुतेक मॉडेलना तेच चालतं, पण भरायचं आणि बघायचं दोन ठिकाणी. मशीन उभं करून काचेतून बघा, तेल दुधाळ दिसलं तर पाणी गेलंय. जास्त भरलं तरी मशीन नीट उडत नाही, त्यामुळे चार थेंब जास्तच असू देत हा विचार इथे नको.

खालच्या प्लेटला, म्हणजे शूला, लोकल बिनधास्त घ्या. तो घासायलाच असतो, फक्त भोकं बरोबर जुळतात का बघून घ्या आणि बोल्ट हाय टेन्साईलच लावा. नवीन शू लावल्यावर चार-पाच तास चालवून बोल्ट परत आवळायचे, नाहीतर ढिल्या बोल्टने पायाचीच भोकं मोठी होतात. प्लग आणि रिकॉइलची, म्हणजे इंजिन चालू करायची दोरी यात फार विचार नको, चांगल्या कंपनीचा प्लग घ्या.

क्लचचा मामला या दोन्हींच्या मधला आहे. लायनिंग लोकल चालतं पण स्प्रिंग ओरिजिनल घ्या, कारण स्प्रिंग नरम असली तर मशीन आयडलवर, म्हणजे रेस न देताच उड्या मारायला लागतं. पण क्लच बदलण्याआधी इंजिनच्या बाजूचा ऑइल सील बघा, तिथून तेल येत असेल तर नवीन क्लच आठवड्यात परत सरकणार. आणि ऑपरेटरला सांगा, एक तर आयडल नाहीतर फुल, अर्ध्या रेसवर चालवलं की क्लच जळतो.

आता इंजिन. रिंगा आणि व्हॉल्व्ह एवढ्यावर भागत असेल तर दुरुस्ती करा, सिलेंडरला रेघा आल्या असतील तर दुरुस्तीचं आणि नव्या इंजिनचं कोटेशन शेजारी ठेवून बघा. होंडाचं जीएक्सआर120, 121 सीसीचं, खास रॅमरसाठी बनवलेलं आहे, जुन्या मशीनला 98 सीसीचं जीएक्स100 असतं. पंपाचं इंजिन काढून लावायचा जुगाड करू नका, ते एवढ्या हादऱ्यांसाठी आणि तिरकं चालण्यासाठी बनवलेलंच नसतं. सेकंडहँड मशीनला सुबारू रॉबिन इंजिन असेल तर विचार करा, सुबारूने 2017 मध्ये हा धंदा बंद केला, त्यामुळे ओरिजिनल पार्ट मिळतात का ते आधी बघा.

दोन चुका मात्र कुठल्याच पार्टने भरून निघत नाहीत. एक, टू-स्ट्रोकच्या सवयीने पेट्रोलमध्ये ऑइल मिसळणं. दुसरी, टेम्पोत मशीन कसंही आडवं टाकणं. कुठल्या बाजूला आडवं ठेवायचं ते मॅन्युअलमध्ये दाखवलेलं असतं, उलट ठेवलं की इंजिनचं तेल सिलेंडरमध्ये येतं. मग दोरी अडकते आणि पोरं जोर लावून तोडतात. स्विच बंद करा, प्लग काढा, हळूहळू चार-पाच वेळा दोरी ओढा, तेल बाहेर पडेल, प्लग पुसून लावा.

रोज भाड्याने जाणारं मशीन असेल तर एक ओरिजिनल फिल्टर आणि एक बेलो आधीच आणून कपाटात ठेवा, कारण लोकल घ्यायची वेळ पार्ट महाग असतो म्हणून कमी आणि काम उभं असतं म्हणूनच जास्त येते.