छापखान्यातील विंडोज एक्सपी आणि व्हर्च्युअलबॉक्स

कोल्हापुरातल्या शाहूपुरीतील आमच्या छापखान्यात दूध संस्था, पतसंस्था आणि विकास सेवा सोसायट्या यांचे वार्षिक अहवाल छापले जातात. मार्चअखेरीनंतर सहा महिन्यांत वार्षिक सभा घ्यावी लागत असल्यामुळे जुलै ते सप्टेंबर हे काम एकदमच अंगावर येते, आणि प्रत्येक संस्थेचा नवा अहवाल गेल्या वर्षीच्या फाइलमध्ये आकडे व नावे बदलूनच तयार होतो. या फाइली पेजमेकर ७ या पाने मांडण्याच्या जुन्या सॉफ्टवेअरमधल्या असून त्यांतील मराठी मजकूर युनिकोड या आजच्या सर्वमान्य पद्धतीच्या आधीच्या फॉन्टमध्ये आहे. तो मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने आहेत, परंतु आम्ही वापरून पाहिली तेव्हा काही जोडाक्षरे आणि रफार जागा सोडून गेले, आणि ताळेबंदाचे प्रत्येक पान नव्याने वाचून घेण्याइतका वेळ हंगामात कोणाकडेच नसतो. त्यामुळे हे सारे ज्यावर चालत होते त्या, विंडोज एक्सपी या जुन्या प्रणालीच्या संगणकाचा मदरबोर्ड गेला, तेव्हा एक्सपी नव्या संगणकावर आणण्यावाचून गत्यंतर नव्हते.

एक्सपी नव्या यंत्रावर थेट बसवण्यात आम्ही दोन दिवस घालवले. बाराव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर आणि एनव्हीएमई या नव्या पद्धतीची डिस्क असलेल्या यंत्राच्या मदरबोर्डमध्ये जुन्या पद्धतीच्या बायोसची (संगणक सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरची) सोयच नव्हती, आणि त्याशिवाय एक्सपी सुरू होत नाही. तशी सोय असलेल्या दुसऱ्या यंत्रावर सीडी चालली, पण थोड्याच वेळात निळा पडदा आला, कारण २००१ साली बाजारात आलेल्या या प्रणालीजवळ आजच्या डिस्कचे ड्रायव्हर, म्हणजे त्या ओळखून चालवणारे सॉफ्टवेअर, नाहीत. यूएसबी ३ चेही नाहीत, त्यामुळे कीबोर्ड आणि माऊससुद्धा मध्येच निकामी होतात. इंटरनेटवर मिळणाऱ्या, कोणीतरी फेरफार केलेल्या एक्सपीच्या सीडी वापरून हे साधते असे सांगतात. ज्या यंत्रावर संस्थांचे हिशेब असतात, त्यावर मी तसली सीडी घालणार नाही.

ओरॅकल कंपनीच्या व्हर्च्युअलबॉक्सने हा प्रश्न मुळातूनच वेगळ्या रीतीने सोडवला. विंडोज ११ च्या आत तो एक कल्पित संगणक उभा करतो, आणि त्या संगणकाची डिस्क आयडीई या जुन्या पद्धतीची दाखवता येत असल्यामुळे एक्सपीला ती लगेच ओळखता येते. एक प्रोसेसर, १ जीबी मेमरी आणि २० जीबीची डिस्क एवढे दिल्यावर आमच्याकडील मूळ सीडीवरून एक्सपी विनातक्रार बसली. त्यानंतर गेस्ट ॲडिशन्स हे व्हर्च्युअलबॉक्सचेच पूरक सॉफ्टवेअर एक्सपीत आवर्जून बसवावे, कारण पडदा मोठा करणे आणि दोन्ही प्रणालींमध्ये सामाईक फोल्डर ठेवणे त्यानेच शक्य होते. खिडकीच्या तळाशी हिरवे कासव दिसले तर कल्पित संगणक चालवण्याच्या विंडोजच्याच हायपर-व्ही सुविधेने प्रोसेसरचा ताबा घेतला आहे असे समजावे. आमच्याकडे तसे झाले होते आणि ती सुविधा बंद करेपर्यंत पेजमेकर अक्षरशः रखडत होते. आता ९६ पानांची फाइल जुन्या यंत्रापेक्षा लवकर उघडते.

छपाईच्या बाबतीत मात्र एक वळसा घ्यावा लागतो. पेजमेकरमधून पोस्टस्क्रिप्ट ही छपाईसाठीची फाइल काढायची, तिची पीडीएफ करायची, ती सामाईक फोल्डरमधून बाहेर आणायची आणि बटर पेपरवरची किंवा छपाईच्या प्लेटसाठीची प्रिंट विंडोज ११ वरून द्यायची. सवय होईपर्यंत ऑपरेटरला याचा त्रास होतो, आणि शेवटच्या क्षणी अध्यक्षांच्या नावातील वेलांटी बदलायची असेल तर तो अधिकच जाणवतो. फॉन्टच्या सॉफ्टवेअरचे लॉक (जे जोडल्याशिवाय ते चालत नाही असे छोटे उपकरण) यूएसबीचे असल्यास ते आतल्या एक्सपीकडे सोपवता येते, आणि आमचे लॉक पहिल्याच प्रयत्नात चालले. प्रिंटर पोर्टवर बसणारे जुने लॉक मात्र यूएसबीच्या ॲडॉप्टरवर बहुधा चालत नाही, कारण असे ॲडॉप्टर केवळ प्रिंटरसाठी बनवलेले असतात; ज्यांचे लॉक असे असेल त्यांनी जुने यंत्र दुरुस्त करून ठेवणेच बरे.

एक्सपीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे ८ एप्रिल २०१४ रोजी थांबले, म्हणून आतल्या संगणकाचे नेटवर्क आम्ही पूर्ण बंद ठेवले आहे आणि गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह आधी विंडोज ११ वरच तपासतो. व्हर्च्युअलबॉक्सचे मूळ पॅकेज व्यवसायासाठीही विनामूल्य आहे. सोबत दिसणारा एक्स्टेंशन पॅक हा जादा सुविधांचा संच व्यवसायासाठी तसा नाही, आणि ७.० आवृत्तीपासून यूएसबीसाठी त्याची गरजही उरलेली नाही.

या साधनाचा सर्वांत मोठा लाभ मला उशिरा कळला. एक्सपी, पेजमेकर, फॉन्ट आणि सगळे अहवाल यांसह तो कल्पित संगणक एका फोल्डरमध्ये मावतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी शाहूपुरीत शिरले तेव्हा आम्ही तिघांनी कॅबिनेट आणि मॉनिटर डोक्यावर घेऊन वरच्या मजल्यावर नेले होते. आता दर शनिवारी त्या फोल्डरची प्रत खिशात मावणाऱ्या डिस्कवर निघते आणि घरी जाते. लॉक तेवढे वेगळे, कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवलेले असते.