नाशिकच्या भांडी बाजारातला तीन लिटरचा कुकर: जर्मनीत, स्टुटगार्टात वर्षभर वापरून

आतल्या झाकणाचा, स्टीलचा, सपाट बुडाचा कुकर. घासाघीस करून २,३५० रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या मापाचे सगळे कुकर साधारण सारखेच आणि मला सांगायचंय ते कंपनीबद्दल नाहीच.

२०२४ च्या फेब्रुवारीत आपल्या महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. मी तिकडेच, स्टुटगार्टात नर्स, म्हणून तेव्हापासून ओळखीपाळखीतल्या मुलींचे, त्यांच्या आयांचे फोन येतात. व्हिसाबिसा त्यांना माहीत असतो. शेवटी हळूच विचारतात, "ताई, कुकर न्यायचा का हो?" प्रत्येकीला तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून आता गणपतीला घरी आलेय तर एकदाच लिहून टाकते.

आधी दुकान. रविवार कारंजावरून भांडी बाजारात शिरलात की डाव्या हाताला जिथे पितळी समया दारातच टांगलेल्या दिसतील ते. बसायला जागा नाही, बिल मागितलं की काकांचा चेहरा पडतो, आणि पावसाळ्यात गेलात तर खालच्या दोन फळ्या रिकाम्या असतील. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की काका खालचा माल वर चढवायला घेतात. पण माणूस विकताना डोकं वापरतो. मी बाहेरच्या झाकणाचा पाच लिटरचा मागत होते. त्यांनी विचारलं, "खाणार किती जणं?" मी म्हटलं, एकटी. "मग पाच लिटरमध्ये काय अंघोळ करणार का?" असं म्हणून हा काढून दिला. वर म्हणाले, तिकडे शेगडी कशी असेल सांगता येत नाही, सपाट बुडाचाच घे. आणि रिंगा दोन ने. मी एकच घेतली. नव्वद रुपये वाचवले.

२३ किलोच्या बॅगेत जवळजवळ दोन किलो एकट्या कुकरचे. अर्थात तो रिकामा नेलाच नाही. आत तूरडाळ, काळा मसाला, हिंगाची डबी. आईला त्यात घरचं तूप कोंबायचं होतं, पण बाहेरून येणाऱ्या माणसाला दुधाचे पदार्थ तिकडे नेता येत नाहीत. त्यावरून निघायच्या आदल्या रात्री आमचं भांडण झालं. दोघी भांडत होतो तुपावरून, रडू येत होतं भलत्याच कारणाने.

आता वापर. तिथल्या खोलीत काचेची शेगडी होती, इंडक्शन नव्हे, खाली तापणाऱ्या तारेवाली. पहिल्या रविवारी सकाळी सव्वासातला मी डाळ लावली. तीन शिट्ट्या झाल्या, बंद केली. चौथी झाली. पाचवी. ती शेगडी बंद केल्यावरही चांगली दहा मिनिटं तापलेली राहते, हे मला कोण सांगणार? आपल्याकडे गॅस बंद केला की विषय संपतो. सहाव्या शिट्टीला दारावरची बेल वाजली. समोरच्या आजी, ऐंशीच्या घरातल्या, गाऊनवर स्वेटर. तिकडे रविवार म्हणजे शांततेचा दिवस, ड्रिलसुद्धा मारत नाहीत. माझ्या बॅगेत जर्मनचं बी-टू पातळीचं सर्टिफिकेट होतं आणि तोंडातून एकच शब्द निघाला: "लिन्झेन." म्हणजे डाळ. आजी तिथल्या बोलीत जे बोलल्या त्यातलं मला ओ की ठो कळलं नाही. पुण्यात पुस्तकी मराठी शिकलेल्या माणसाला एकदम बागलाणात नेऊन अहिराणी ऐकवावी, तसं. त्या सरळ आत आल्या, ओव्हनचे हातमोजे घातले आणि कुकर काचेवरून उचलून बाजूला ठेवला. शिट्टी थांबली. एवढंच करायचं होतं.

दोन दिवसांनी माझ्या दाराच्या मुठीला एक लाकडी पाटी लटकलेली. मला वाटलं, कुकरची तक्रार झाली. पाटीवरचा शब्द डिक्शनरीत शोधायचंही धाडस होईना. शेवटी कामावरच्या बाईने हसत सांगितलं की हा आठवडा जिना आणि फाटकापुढचं अंगण झाडायची तुझी पाळी. त्या भागात ही जुनी पद्धत आहे, केअरवोखे म्हणतात. आई फोनवर म्हणाली, "म्हणजे सडा घालायची पाळी. त्यात घाबरायचं काय?"

कुकरचं खरं गणित मला तिसऱ्या महिन्यात सुटलं. शिट्टीवाल्या कुकरात एक किलोच्या आसपास दाब असतो, आत तापमान १२० अंशांच्या घरात. आमचा वॉर्डातला ऑटोक्लेव्ह, म्हणजे उपकरणं वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र, १२१ ला चालतो, म्हणजे दोघं सख्खे भाऊ. ऑटोक्लेव्हच्या शिट्ट्या मी जन्मात मोजल्या नाहीत. तिथे दाब भरला की घड्याळ लावतो. मग कुकरलाही तेच लावलं: वाफ जोरात यायला लागली की आच कमी, भिजवलेल्या तूरडाळीला आठ मिनिटं, मग उचलून लाकडाच्या पाटावर. एकही शिट्टी नाही. संध्याकाळची पाळी साडेनऊला सुटायची आणि दहानंतर बिल्डिंगमध्ये आवाज चालत नाही, त्यामुळे हे जमलं नसतं तर मी वर्षभर ब्रेडच खाल्ला असता.

घड्याळ लावणं सोपं होतं. नाशकात सहा वर्षं आयसीयू केलेलं. तिकडे परवाना मिळेपर्यंत कागदोपत्री मी मदतनीस, आणि पहिल्याच दिवशी हातात दिलं ते कोमट पाण्याचं भांडं. पेशंटला अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलून देणं. आपल्याकडे हे नातेवाईक करतात किंवा मावशी करतात. तिकडे ते नर्सचंच काम, शिकलेल्या नर्सचं. पहिले दोन महिने मला तो अपमान वाटायचा. रात्री डाळ घोटताना मी मनातल्या मनात राजीनामे लिहायचे, तेही शुद्ध जर्मनमध्ये. मग एका म्हाताऱ्याची पाठ पुसताना बेडसोअरची सुरुवात दिसली, नुसती लालसर चकती. बोट दाबलं तरी लाली जात नव्हती. मॉनिटरवर ती दिसली नसती. त्या दिवशी सिस्टरला सांगताना दोनदा अडखळले, आणि तिसऱ्यांदा सरळ म्हटलं, "मला शब्द येत नाही, तुम्ही चला आणि बघा." नाशकात असं वाक्य मी सहा वर्षांत कोणाला म्हटलं नव्हतं. अकराव्या महिन्यात परीक्षा पास झाले, आता नर्स म्हणून सही करते. पण ते असो, कुकरचं चाललंय.

दोष सांगते. सातव्या महिन्यात रिंग ढिली पडली, बाजूने फुसफुस. दुसरी कुठे? नाशकात, भांडी बाजारात, नव्वद रुपयाला. ऑनलाइन त्याच मापाची शोधली तर पोस्टेजसकट जी किंमत आली त्यात इथे दोन वेळचं जेवण होईल. मैत्रिणीच्या ओळखीतल्या एकाने येताना आणली, तोपर्यंत तीन आठवडे मसूरच. मूठ सारखी सैल होते, स्क्रू-ड्रायव्हर जवळ ठेवा. बूड निळसर पडलंय, त्याने काही बिघडत नाही. डबे दोनच बसतात, म्हणजे डाळ-भात होईल, वर बटाटे नाहीत.

मसुरावरून आठवलं. आजींच्या भागातही मसूर मोठ्या प्रेमाने खातात, शेवयांच्या जाड भावासारखे दिसणारे श्पेट्झले बरोबर आणि शेवटी व्हिनेगर. आपण चिंच घालतो त्या जागी. आजी पाऊण तास शिजवायच्या. मी कुकर त्यांच्याकडे नेला आणि दहा मिनिटांत करून दाखवले. त्या पूर्ण वेळ दारात उभ्या, एक हात मुठीवर, स्फोट झाला तर पळायच्या तयारीत. त्याच संध्याकाळी म्हणाल्या, आता मला 'झी' नको, 'दू' म्हण. अहो-जाहोवरून अरे-तुरेवर येण्याचा मान तिकडे मोठ्या माणसाचा. मला अजून जमत नाही. ऐंशीच्या बाईला एकेरी? जीभच वळत नाही.

तर काल परत भांडी बाजारात गेले. रिंगा चार घेतल्या. शिवाय दोन लिटरचा एक कुकर, आजींसाठी, त्यांनी माझ्याकडे मोजून पैसे दिलेत. काकांनी नाव घालायचं मशीन काढलं, "बोला, काय घालू?" आजींचं आडनाव सांगितलं. त्यांनी दोनदा ऐकलं, मशीन खाली ठेवलं आणि म्हणाले, "नुसतं आजी घालतो. आणि गाव." घरी येऊन पाहिलं तर 'आजी, स्टुडगार्ड' कोरलंय.

एक तारा त्याचा कमी. पाचपैकी चार.