जुन्या कोअर टू ड्युओवर फ्रीबीएसडी आणि एक्सएफसीई : काही महिन्यांच्या वापरानंतर

यंत्र असं : कोअर टू ड्युओ (इंटेलचा जुना प्रोसेसर), ४ जीबी रॅम, बोर्डावरचंच इंटेल ग्राफिक्स, फिरणारी हार्ड डिस्क. त्यावर फ्रीबीएसडी ही युनिक्स घराण्यातली मोफत ऑपरेटिंग सिस्टिम आणि एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप आहे. टर्मिनल, ईमेल, पीडीएफ आणि ब्राउझरचे चार-पाच टॅब एवढ्याला हा संच पुरतो. ‘डेस्कटॉप क्रॅश होतो’ ही तक्रार मात्र अशा यंत्रांवर हमखास येते. त्यात एक्सएफसीईचा दोष फार थोडा. बिघाड बहुधा त्याच्या खालच्या थरात असतो. म्हणून पुन्हा इन्स्टॉल करण्याआधी नेमकं काय बंद पडलं ते बघावं.

खिडक्यांच्या शीर्षकपट्ट्या गायब झाल्या पण माउस हलतोय, तर फक्त विंडो मॅनेजर (खिडक्यांच्या चौकटी सांभाळणारा एक्सएफडब्ल्यूएम४) गेलाय. कंट्रोल-ऑल्ट-एफ२ ने कन्सोलवर (नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर) जाऊन डिस्प्ले ‘:०’ सेट करावा आणि एक्सएफडब्ल्यूएम४ पुन्हा चालू करावा, मग कंट्रोल-ऑल्ट-एफ९ ने परत यावं. उघडी कामं वाचतात. सगळंच जाऊन लॉगिनचा पडदा आला तर एक्सऑर्ग (पडद्यावर चित्र काढणारा प्रोग्रॅम) किंवा सेशन पडलं. चित्र थिजलं, कन्सोलही मिळत नाही, पण दुसऱ्या यंत्रावरून एसएसएच (नेटवर्कवरून लॉगिन) लागतं, तर ग्राफिक्स चिप अडकली आहे. यंत्र आपोआप रीबूट झालं तर कर्नल पॅनिक (सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नलच कोसळणं), उष्णता किंवा पॉवर सप्लाय.

लॉग बघताना एक चूक सगळेच करतात. एक्सऑर्ग नव्याने सुरू झाला की आधीचा लॉग ‘.ओल्ड’ नावाने बाजूला जातो. क्रॅशची हकिकत त्या जुन्या फायलीत असते, आणि लोक नव्या, धडधाकट लॉगमध्ये ‘ईई’च्या, म्हणजे चुकांच्या, ओळी शोधत बसतात. सोबत व्हार-लॉगमधली मेसेजेस फाइल वाचावी : ‘सिग्नल ११’ दिसला तर तो प्रोग्रॅम स्वतः कोसळला, ‘फेल्ड टू रिक्लेम मेमरी’ दिसलं तर मेमरी संपल्याने कर्नलने त्याला मारलं. दोन्हींचे उपाय अगदी वेगळे.

पहिला संशय कंपोझिटरवर, म्हणजे खिडक्यांना सावल्या वगैरे देणाऱ्या भागावर, घ्यावा. विंडो मॅनेजर ट्वीक्समध्ये कंपोझिटरच्या टॅबवरची खूण काढली की सावल्या आणि पारदर्शकता जाते, बाकी काही बिघडत नाही. सेटिंगपर्यंत पोचण्याआधीच पडत असेल तर लॉगआउट करून कन्सोलवरून होममधल्या ‘.कॅश’ फोल्डरातलं ‘सेशन्स’ काढून टाकावं. बिघडलेलं जतन सेशन दर लॉगिनला तोच गोंधळ परत आणतं.

त्यानंतर ड्रायव्हर, आणि खरी डोकेदुखी इथेच आहे. इंटेलसाठी डीआरएम-केमॉड हे ग्राफिक्स ड्रायव्हरचं पॅकेज लागतं आणि त्यातला आय९१५केएमएस हा कर्नलला जोडायचा घटक आरसी.कॉन्फ या सेटिंगच्या फायलीतल्या केएलडी_लिस्टमधून चढवायचा असतो, लोडर.कॉन्फमधून नाही. वापरकर्ता ‘व्हिडिओ’ गटात हवा. हा घटक कर्नलशी जुळावा लागतो. आवृत्ती किरकोळ बदलली तरी जुन्या कर्नलसाठी बांधलेला घटक चढत नाही किंवा बूट होतानाच पॅनिक देतो. तेव्हा बूट मेनूतून सिंगल यूजर मोडमध्ये जावं (तिथे केएलडी_लिस्ट वाचली जात नाही), डिस्क लिहिण्याजोगी माउंट करून केएलडी_लिस्टची ओळ बंद करावी. मग कर्नलचा सोर्स ठेवून पोर्ट्समधून (सोर्सवरून प्रोग्रॅम बांधण्याच्या फ्रीबीएसडीच्या संग्रहातून) घटक बांधावा. कोअर टू ड्युओवर याला बराच वेळ लागतो, पण वारंवार करायचं काम नव्हे.

घटक नीट चढूनही चित्र फाटत असेल किंवा एक्सऑर्ग पडत असेल, तर एक्सऑर्गच्या सेटिंगमध्ये मोडसेटिंग ड्रायव्हरच्या विभागात ‘ॲक्सेलमेथड’ला ‘नन’ द्यावं, म्हणजे चिपची चित्र काढण्यातली मदत बंद होते. ही चिप मुळातच अशक्त असल्याने वेगातला फरक बेताचाच जाणवतो. व्हिडिओ मात्र जड होतो.

मेमरीचं गणित झेडएफएस ही फाइल सिस्टिम घेतलेल्यांनी जरूर करावं. त्याची एआरसी कॅश मोकळी रॅम व्यापते आणि गरज पडली तरी सावकाश सोडते. ब्राउझर वाढला की कर्नल सगळ्यांत मोठी प्रक्रिया निवडून मारतो, आणि कधी ती एक्सऑर्गच असते. एआरसीची कमाल मर्यादा १ जीबी ठेवावी, स्वॅप (रॅम कमी पडल्यावर वापरायची डिस्कवरची जागा) ४ जीबी द्यावा. एवढ्या रॅमवर यूएफएस ही साधी फाइल सिस्टिम घेणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

लॉगिन केल्यावर पडदा लगेच परत येत असेल तर होममधली एक्सऑथॉरिटी फाइल कुणाच्या मालकीची आहे ते बघावं; ती रूटच्या (प्रशासकाच्या) नावावर गेलेली असू शकते. रूट म्हणून एकदा स्टार्टएक्स (डेस्कटॉप सुरू करणारी आज्ञा) चालवलं की हे होऊ शकतं. डिस्क भरली तरी लक्षण हेच.

क्रॅश कुठल्याही प्रोग्रॅममध्ये, कुठल्याही वेळी होत असतील तर सॉफ्टवेअर सोडून मेमटेस्ट रात्रभर चालवावं. एक चूक जरी निघाली तरी रॅमच्या पट्ट्या एकेक करून तपासाव्यात. कोअरटेम्प घटक चढवून तापमान बघावं, हीटसिंकची धूळ आणि सुकलेली पेस्ट काढावी. स्मार्टच्या (डिस्कच्या स्वतःच्या तब्येतीच्या) अहवालात १९७ क्रमांकाचा, म्हणजे वाचता न येणाऱ्या सेक्टरांचा, आकडा शून्याहून जास्त असेल तर आधी बॅकअप घ्यावा. १९९, म्हणजे केबलवरच्या देवाणघेवाणीतल्या चुकांचा आकडा, वाढत असेल तर साटा केबल बदलून बघावी, डिस्क नव्हे.