पन्हाळा रस्त्यावरची आकाशदर्शनाची रात्र: त्या ट्रेसाठी तरी जाच

पैसे वसूल झाले का, असं विचाराल तर हो, झाले. पण दुर्बिणीमुळं नाही, पत्र्याच्या एका ट्रेमुळं.

वाघबीळच्या पुढं, रस्त्यापासून थोडं आत, एका शेतघराच्या आवारात हा रात्रभराचा कार्यक्रम असतो. माणशी 600 रुपये, त्यात रात्रीचं जेवण, दोनदा चहा आणि पहाटेचे पोहे. आम्ही माघातल्या अमावस्येला गेलो: मी, थोरला मुलगा आणि नववीतली नात. जाहिरातीत विषय दिला होता, ग्रहताऱ्यांपुढचे बो शॉक, म्हणजे वेगवान ओघ अडथळ्यापुढं एकदम मंदावतो तिथं उभी राहणारी कमान. आपल्याकडं आकाशदर्शन म्हटलं की चंद्रावरचे खड्डे आणि शनीची कडी, त्यापुढं सहसा कुणी जात नाही. मी विषय वाचूनच नावं नोंदवली.

जेवण झाल्यावर पोरांनी पत्र्याचा एक लांबट ट्रे मांडला. एका टोकाखाली लाकडी पाचर, दुसऱ्या टोकाला बादली, आणि पाणी परत वर चढवायला कूलरचा छोटा पंप. ट्रेमधून पाण्याचा पातळ थर वाहायला लागला, जेमतेम अर्धा सेंटिमीटर. माहिती देणाऱ्या तरुणानं ओघाच्या मधोमध एक मोठा लोखंडी नट ठेवला आणि बाजूनं टॉर्च धरली. नटाच्या पुढं, त्याला न चिकटता, बोटभर अंतरावर पाण्याची एक चकचकीत कमान उभी राहिली. वरून निळीचा थेंब सोडला. थेंब सरळ रेषेत आला, कमानीपाशी एकदम मंदावला, फुगला आणि नटाला वळसा घालून निघून गेला.

माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली. पावसाळ्यात बंधाऱ्याचे बरगे काढलेले असताना खालच्या फरशीवर पातळ, वेगवान पाणी एका जागी अचानक जाड आणि संथ होऊन उसळतं, त्याला आम्ही हायड्रॉलिक जंप म्हणतो. अर्धा सेंटिमीटर खोल पाण्यात लाट सेकंदाला साधारण 22 सेंटिमीटर पळते. ओघ त्याहून जलद असेल, तर पुढं अडथळा आहे ही खबर लाटेला वरच्या अंगाला नेता येत नाही. पाणी बेसावध येतं आणि ऐनवेळी त्याला थांबावं लागतं. बो शॉकचा गाभा हाच आहे. सूर्याकडून विद्युतभारित कणांचा वारा सेकंदाला सुमारे 400 किलोमीटर वेगानं सुटतो. त्या वाऱ्यातल्या लाटा इतक्या जलद धावू शकत नाहीत, आणि वाटेत पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आडवं येतं. मग पृथ्वीपासून साधारण 90 हजार किलोमीटर अलीकडं, सूर्याच्या बाजूला, तो वारा एकदम मंदावतो, दाटतो आणि तापतो.

त्या तरुणाचं मला मनापासून कौतुक वाटलं ते याच्या पुढच्या भागासाठी. ट्रे कुठं खोटा पडतो, हे त्यानं आपणहून सांगितलं. पाण्यात रेणू एकमेकांवर आदळतात म्हणून ओघ थांबतो. सूर्याचा वारा इतका विरळ आहे की पृथ्वीजवळ एका घन सेंटिमीटरमध्ये पाचेक कण असतात, आणि एका कणाला दुसऱ्यावर आदळायला पृथ्वी ते सूर्य एवढं अंतर कापावं लागेल. मग वाऱ्याला ब्रेक लावतं कोण? तिथली विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रंच. युरोपच्या क्लस्टर मोहिमेची चार यानं 2000 साली गेली. त्यांच्या मोजणीतून कळलं की या शॉकचा मुख्य पदर अवघा 17 किलोमीटर जाड असू शकतो. नव्वद हजार किलोमीटरवरचा आघात आणि त्याची जाडी कोल्हापूरपासून पन्हाळ्यापर्यंत असावी एवढी! याआधीची चार क्लस्टर यानं 1996 साली एरियान 5 च्या पहिल्याच उड्डाणात नष्ट झाली होती, तरी ती माणसं पुन्हा उभी राहिली. हे सांगताना त्या तरुणाचा आवाज बदलला होता.

नातीनं विचारलं, "सर, मंगळाला असं चुंबकीय क्षेत्र नाही ना? मग तिथं वारा अडवतं कोण?" सर खूश झाले. मंगळ आणि शुक्र यांच्या हवेच्या वरच्या थरातले अणू सूर्यप्रकाशानं विद्युतभारित होतात, तो थरच अडथळा बनतो. म्हणून त्यांचे बो शॉक ग्रहाला अगदी खेटून असतात. चंद्राला ना हवा ना तसं क्षेत्र, तिथं वारा थेट मातीवर आदळतो आणि पुढं शॉक उभाच राहत नाही. उलट गुरूचं बघा. 1973 साली पायोनियर 10 ला गुरूचा बो शॉक लागला, तेव्हा ते यान गुरूच्या त्रिज्येच्या शंभरपटीहून जास्त दूर होतं.

मग त्यानं ट्रेखालची पाचर हळूहळू बाहेर ओढली. उतार कमी झाला तशी कमान नटापासून पुढं सरकत गेली, पसरट झाली आणि विरून गेली. सूर्याच्या बाबतीत नेमका हाच प्रश्न आहे. सूर्य आपल्या ग्रहमालेसकट एका विरळ ढगातून चाललाय. वेग सेकंदाला 26 किलोमीटर धरला जायचा, म्हणून त्याच्यापुढंही बो शॉक असणार असं सगळे मानत. 2012 साली आयबेक्स यानाच्या मोजणीतून 23 आकडा आला, आणि शॉक नसून नुसती मंद लाट असेल असं मत पुढं आलं. त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही, हेही त्यानं सांगितलं. पाचर सरकवून हे दाखवायची कल्पना ज्याची असेल त्याला माझा नमस्कार.

आता दुर्बीण. आठ इंची डॉब्सोनियन होती, नीट जुळवलेली. मृगातला तेजोमेघ छान दिसला, करडा-हिरवट धूर आणि मधे चार तारे. त्याच तेजोमेघात एलएल ओरायनिस नावाच्या तरुण ताऱ्यापुढची कमान हबलनं टिपली आहे. ती या दुर्बिणीतून दिसत नाही, दिसणारही नाही. पण जाहिरातीवर तोच फोटो छापलाय! रांगेत दोन कुटुंबं नाराज झाली, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. फोटोखाली 'हे डोळ्यांना दिसणार नाही' एवढी ओळ छापा.

पहाटे चारला उठवतात, तेव्हा आळस करू नका. आग्नेयेला वृश्चिक वर आलेलं असतं. लालसर ज्येष्ठेपासून हात लांब करून उत्तरेला दीड मूठ मोजा, तिथं झीटा ऑफ्युकी हा तारा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. सूर्याच्या वीसपट वस्तुमानाचा हा तारा त्याच्या जोडीदाराचा स्फोट झाला तेव्हा भिरकावला गेला, असं शास्त्रज्ञ मानतात. त्याच्यापुढची तापलेल्या धुळीची कमान स्पिट्झर दुर्बिणीनं अवरक्त प्रकाशात टिपली. टॅबवर ते चित्र बघायचं, मान वर करून तो ठिपका बघायचा, असं नात कितीतरी वेळ करत होती. "आबा, तो पळतोय, पण जागचा हललेला दिसत नाही," म्हणाली.

तक्रारी आहेत. माणसं फार घेतली होती, ट्रेभोवती मागच्यांना काही दिसत नव्हतं. उशिरा आलेल्या गाड्यांचे हेडलाइट दोनदा थेट तोंडावर आले. आदित्य एल 1 एका वाक्यात उरकलं, याचं मला वाईट वाटलं. ते यान 15 लाख किलोमीटरवर, म्हणजे बो शॉकच्या पार बाहेर आहे. तिथं मोजलेला वारा शॉकपर्यंत यायला तासभर लागतो. आपल्या देशाचं यान तो कोरा वारा मोजतंय, यावर दहा मिनिटं बोलायला हवं होतं. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं रडार आहे, ते 80 ते 100 किलोमीटर उंचीवरचे वारे मोजतं. कोल्हापूरकरांसमोर बोलताना त्याचा उल्लेख यायलाच हवा.

जेवण साधं आणि चांगलं, भाकरी गरम मिळाली. स्वच्छतागृह एकच आहे. पहाटे थंडी बोचते, स्वेटर आणि कानटोपी न्या. लहान मुलं असतील तर पोचल्याबरोबर ट्रे दाखवायला सांगा, जेवणानंतर ती पेंगतात.