दारू सोडायचीय, कोकणात राहताय, मग ग्रुप कुठला? एए, फॉलोअप की ऑनलाइन

ग्रुप निवडायच्या आधी एक बघा. माणूस सकाळी उठल्या उठल्या घेतो, नाही मिळाली की हात थरथरतात, घाम फुटतो, असं असेल तर आधी डॉक्टर, ग्रुप नंतर. घरच्यांनी खोलीत कोंडून "चार दिवस कळ काढ" म्हणणं जिवावर बेतू शकतं, कारण रोजची दारू एकदम तोडली की पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात. सरकारी दवाखान्यात विचारा, रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, त्या नावाला लोक उगाच बिचकतात. फोनवर बोलायचं तर 14446 व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आणि 14416 टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन.

आता ग्रुप. एए म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, 1935 साली अमेरिकेत एक शेअर बाजारातला माणूस आणि एक सर्जन, दोघेही पक्के दारुडे, त्यांनी चालू केलेलं. फी नाही, आडनाव सांगावं लागत नाही, अट एकच की दारू सोडायची इच्छा पाहिजे. आमच्या दादासोबत मी ओपन मीटिंगला बसलोय, ओपन म्हणजे घरचेही चालतात, क्लोज्डला फक्त पिणारे. शाळेचा वर्ग, पोरांची बुटकी बाकं, त्यावर गुडघे दुमडून बसलेले एक रिक्षावाले, एक रिटायर्ड मास्तर, एक खलाशी. एकेक जण उठून आपली कथा सांगतो आणि मधे कोणी सल्ला देत नाही, हे मला सगळ्यात भारी वाटलं, कारण आपल्याकडे पिणाऱ्याला सल्ला द्यायला अख्खी वाडी तयार असते. शेवटी एक पिशवी फिरते, दहा-वीस टाका नाहीतर पुढे सरकवा, बाहेरच्यांच्या देणग्या ते घेतच नाहीत.

गोची एकच, ओळख. मुंबईत कोण कोणाला विचारतो, इथे दारात पाय ठेवला की आतून "रे, हो तर आमच्या वाडीतलो!" आतलं बाहेर सांगायचं नाही असा नियम आहे आणि लोक तो पाळतात पण, तरी मन धजत नसेल तर शेजारच्या तालुक्याची मीटिंग धरा, कुडाळवाल्याने सावंतवाडी, असं. आणि खरं सांगू, बाजारात झिंगून पडलेलं गावाने बघितलेलंच असतं, मीटिंगला जाताना बघितलं तर काय बिघडलं!

फॉलोअप ग्रुपचं गणित वेगळं. पुण्याचं मुक्तांगण, 1986 मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेलं, किंवा उत्तरेकडच्यांना वसईचं कृपा फाउंडेशन, अशा ठिकाणी राहून उपचार घेतले की नंतरच्या भेटी असतात. इथे शिकलेला समुपदेशक समोर असतो, माणूस घसरायला लागला की त्याच्या स्वतःच्या आधी समुपदेशकाच्या लक्षात येतं, बायकोशी पण वेगळं बोलतात. पण घरी आल्यावर मधले जे रिकामे दिवस असतात ना, खरी मारामारी तिथे, आणि दर वेळी घाट चढून पुण्याला जाणं रोजंदारीवाल्याला झेपत नाही.

ऑनलाइन मीटिंग मोबाइलवर, रेंज असेल तर. बोटीवर जाणाऱ्याला, आडगावात राहणाऱ्याला, बायकांना (हो, बायकाही पितात, आपण बोलत नाही एवढंच) बरी सोय. फक्त कॅमेरा बंद करून हातात ग्लास घेऊन बसलेला कोणाला कळणारे?

माळ घालणं, देवाला गाऱ्हाणं घालणं याला मी हसणार नाही, माळेवर सुटलेली माणसं बघितलीत. पण माळ तुटली की माणूस तोंड लपवतो आणि दुप्पट पितो. एएत घसरलेला परत आला तर खुर्ची पुढे करतात.

माझं मत विचाराल तर जिथे दर आठवड्याला जाऊन रात्रीच्या शेवटच्या एसटीने घरी येता येईल तो ग्रुप, मग तो थोडा कमी आवडला तरी चालेल, आणि पहिल्या मीटिंगवरून ठरवू नका, चार-पाच वेळा जाऊन बघा. अ‍ॅडमिट होऊन आला असाल तर फॉलोअप आणि एए दोन्ही धरा. ऑनलाइन जोडीला ठेवा, विशेषतः शिमगा, गणपती आणि पावसाळ्यात बोटी बंद असतात तेव्हा. बांद्याच्या पलीकडे गोव्याची स्वस्त बाटली बारमाही आहेच.

घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन म्हणून वेगळा ग्रुप असतो, पिणारा कुठे जात नसला तरी तुम्ही जाऊ शकता. आणि वहिनी, काकी, कोणीही असा, चहातून गुपचूप दारू सोडवायची गोळी (डायसल्फिराम) घालू नका. त्या गोळीवर तो प्यायला तर बीपी एकदम पडू शकतं, जीव जाऊ शकतो, ती डॉक्टरने त्याला सांगूनच द्यायची असते.