‘हेक्सिस’ शोधायचा तर लोगेइऑनवर

ग्रीकचा कोणताही कोश हाती आला की मी त्यात आधी ‘हेक्सिस’ काढते. नीतिशास्त्र शिकवताना या शब्दाशी रोज गाठ पडते. सद्गुण म्हणजे हेक्सिस, असं ॲरिस्टॉटल म्हणतो. पाठ्यपुस्तकं ‘सवय’ लिहून मोकळी होतात आणि मुलं तेच पाठ करतात. पण नखं खायची सवय आणि शौर्य एका पंगतीत कसं बसवायचं?

शिकागो विद्यापीठाची लोगेइऑन ही साइट इथे खरी उपयोगी पडते. ती फुकट आहे, आयफोनसाठी ॲपही आहे. एक शब्द टाकला की अनेक कोशांतल्या नोंदी एकाच ठिकाणी उघडतात. लिडेल-स्कॉट या ग्रीक-इंग्रजी कोशाची १८८९ ची मधली आवृत्ती दोन-चार ओळींत आटोपते: जवळ असणं, मग शरीराची आणि मनाची ठेवण. घाईत तेवढं पुरतं. याच कोशाच्या थोरल्या आवृत्तीतली, म्हणजे लिडेल-स्कॉट-जोन्समधली, नोंद मात्र सावकाश वाचावी. ‘एखेइन’ म्हणजे जवळ असणं, धरून असणं. हेक्सिस त्यापासूनच आला. लॅटिनमध्ये ‘हाबेरे’वरून ‘हाबितुस’ झाला तोही याच वाटेनं.

कोशातल्या अवतरणांवरून मूळ ग्रंथात जाता येतं, आणि मला ही साइट आवडते ती यासाठी. प्लेटोच्या ‘थिएटेटस’मध्ये सॉक्रेटिस विचारतो: अंगरखा विकत घेतला पण अंगात घातला नाही, तर तो मालकीचा आहे, पण ‘जवळ आहे’ असं म्हणाल का? ‘मेटाफिजिक्स’च्या पाचव्या भागात ॲरिस्टॉटलही वस्त्रच घेतो. नेसणारा आणि नेसलेलं वस्त्र यांच्यामध्ये जे आहे, ते हेक्सिस. ‘कॅटेगरीज’मध्ये तो ‘डायाथेसिस’ वेगळा काढतो: ताप, थंडी, आजारपण अशा चटकन पालटणाऱ्या अवस्था. हेक्सिस टिकाऊ; विद्या आणि सद्गुण त्यात येतात. एवढं वाचून ‘निकोमाखियन एथिक्स’चा दुसरा भाग उघडला की शौर्य हेक्सिसमध्ये का येतं ते कळतं. घरं बांधून गवंडी होतो, लायर हे तंतुवाद्य वाजवून वादक होतो, तसं न्यायानं वागून माणूस न्यायी होतो. आणि ते वागणं समजून, निवडून केलेलं असतं. मराठीत मला ‘अंगी बाणणं’ सर्वांत जवळचं वाटतं.

स्टोइक या प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञांच्या पंथाकडे हाच शब्द पार वेगळ्या कामाला लागतो. दगड आणि लाकूड एकसंध धरून ठेवणारी शक्ती, ती हेक्सिस! वनस्पतींसाठी ते ‘फ्युसिस’ (निसर्ग, प्रकृती) म्हणतात, प्राण्यांसाठी ‘प्स्युखे’ (जीव, आत्मा). हे कळल्यावर ‘सवय’ हा अर्थ किती तोकडा पडतो ते दिसतं.

नवख्यांची अडचण होईल ती लेखक-ग्रंथांच्या संक्षेपांमुळे. थोरला कोश मुळात दोन हजारांहून जास्त पानांचा आणि जाणकारांसाठी केलेला. त्याचे संक्षेप ओळखीचे व्हायला वेळ लागतो. शिवाय सगळं इंग्रजीतून, त्यामुळे ‘हॅबिट’ दिसला की तिथेच थांबायचा मोह होतो. थांबू नका, अवतरण उघडा.

हेक्सिस झाला की ‘एथोस’ही शोधा, एकदा ऱ्हस्व ए-नं आणि एकदा दीर्घ ए-नं. पहिला म्हणजे रिवाज, दुसरा म्हणजे शील. शीलाचं नाव रिवाजाच्या नावात किंचित फरक होऊन आलं, असं ॲरिस्टॉटल त्याच दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला सांगतो.