व्हायोलिनवादनातील हाताचे दोष सुधारणारा वर्ग: सदाशिव पेठेतील अनुभव

पुण्यात संगीत शिकायची सोय जुनी आणि भक्कम आहे. भास्करबुवा बखले यांनी 1911 मध्ये स्थापन केलेला भारत गायन समाज आणि विनायकराव पटवर्धन यांनी 1932 मध्ये सुरू केलेले गांधर्व महाविद्यालय ही नावे इथल्या कोणत्याही संगीतप्रेमी घरात उच्चारली जातात. व्हायोलिन नव्याने शिकवणारे शिक्षकही पेठांपासून कोथरूडपर्यंत सहज सापडतात. मात्र ज्याने चार-पाच वर्षे वाजवले आहे, परीक्षाही दिल्या आहेत, तरीही ज्याचा सूर खरखरतो किंवा मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर अखंड घसरत जाणे, अर्ध्यावर अडखळते, अशा विद्यार्थ्याचा हात तपासून त्याला लागलेले चुकीचे वळण सोडवून देणारा वर्ग मिळणे अवघड जाते. सदाशिव पेठेतील असा एक वर्ग मी गेले काही महिने जवळून पाहिला, आणि त्याविषयी सविस्तर लिहावे असे वाटले. वर्ग घरगुती आहे, दारावर पाटी नाही आणि शिकवणाऱ्या बाईंना जाहिरात नको आहे, म्हणून त्यांचे नाव इथे देत नाही.

मी स्वतः संवादिनीची (हार्मोनियमची) साथ करतो. माझी भाची या वर्गाला जाते आणि तिच्याबरोबर बसून ऐकण्याची परवानगी बाईंनी मला दिली, त्यामुळे मला विद्यार्थ्याचा ताण नव्हता आणि इतरांचे हात निवांतपणे न्याहाळता आले. वर्गात शाळकरी मुलींपासून निवृत्त गृहस्थांपर्यंत सर्व वयाचे लोक असतात.

पहिल्या दिवशी बाई कोणालाही राग वाजवायला सांगत नाहीत. बोट न ठेवलेल्या मोकळ्या तारेवर गज, म्हणजे व्हायोलिन वाजवायची केसांची काठी, मुठीपासून टोकापर्यंत सावकाश ओढायचा आणि तसाच परत आणायचा, एवढेच काम. ज्याने यमन आणि भूप बसवले आहेत त्याला हे अपमानास्पद वाटू शकते, आणि एका गृहस्थांच्या चेहऱ्यावर ते मला स्पष्ट दिसलेही. परंतु डाव्या हाताची बोटे बाजूला ठेवली की उजव्या हाताचे सारे गुणदोष उघडे पडतात. सुरुवातीला भरीव असलेला नाद टोकाकडे जाताना बारीक होतो, मध्येच गज थरथरतो, वळताना खट् असा आवाज येतो. बाई काही न बोलता ऐकतात, विद्यार्थ्याच्या उजवीकडे आणि मग मागे जाऊन उभ्या राहतात, आणि त्यानंतर एकच सूचना देतात. एका वेळी एकच, हा त्यांचा नियम मला फार मोलाचा वाटला.

बहुतेकांच्या बाबतीत ती पहिली सूचना उजव्या हाताच्या अंगठ्याविषयी असते. गज साधारण 75 सेंटिमीटर लांबीचा आणि जेमतेम 60 ग्रॅम वजनाचा असतो, पण तो एका टोकाला धरायचा असल्यामुळे नवख्या हाताला तो निसटेल अशी भीती वाटते आणि अंगठा ताठ होऊन आतल्या बाजूला दाबला जातो. अंगठा ताठ झाला की मनगट आखडते, मनगटामागून कोपर आणि कोपरामागून खांदा. मग वळताना येणारा तो खट् आवाज कितीही रियाज केला तरी जात नाही, कारण तो खांद्यापासून सुरू झालेला असतो. बाईंचा उपाय साधा आहे. व्हायोलिन खाली ठेवून हातात पेन्सिल धरायची, अंगठा किंचित वाकलेला, करंगळी गोलाकार करून पेन्सिलीच्या माथ्यावर टेकलेली, आणि बोटे हळूहळू लांबवायची आणि आखडायची. करंगळी सरळ काठीसारखी उभी राहिली की त्या तिथेच थांबवतात. पेन्सिलीवर जमले की मग गज, तोही आधी व्हायोलिनशिवाय.

यानंतरचा दोष गजाच्या वाटेचा. गज घोडीला, म्हणजे तारा उचलून धरणाऱ्या लाकडी पुलाला, समांतर राहिला पाहिजे, हे प्रत्येक विद्यार्थ्याने ऐकलेले असते, परंतु तो का राहत नाही हे फार थोड्यांना सांगितले जाते. आपल्याकडे मांडी घालून बसून व्हायोलिनचे वरचे टोक उजव्या पावलावर टेकवतात, त्यामुळे वाद्य पुढे उतरते असते आणि गज आपल्या वजनानेच घोडीपासून दूर, बोटांच्या पट्टीकडे घसरू पाहतो. त्यात गज टोकाकडे नेताना कोपर उघडण्याऐवजी विद्यार्थी अख्खा दंड मागे खेचतो, आणि गज तिरका होतो. पट्टीवर गेलेल्या गजाचा नाद पोकळ, धुरकट येतो, घोडीला खेटलेल्या गजाचा किंचाळतो. बाईंच्या खोलीत भिंतीला एक मोठा आरसा आहे. विद्यार्थ्याला त्याच्याकडे तोंड करून नव्हे, तर उजवी बाजू आरशाकडे करून बसवतात, म्हणजे मान किंचित वळवली की घोडी आणि गज यांच्यातला कोन दिसतो. माझ्या भाचीला त्या म्हणाल्या, “दंड राहू दे गं तिथेच, कोपर उघड. दार उघडतेस ना, तसं.” पुढच्या दोन-तीन गजांत फरक मला डोळे मिटूनही कळला.

गजाचे वजन, वेग आणि जागा या तीन गोष्टींचे परस्परांशी असलेले नाते बाई ज्या पद्धतीने समजावतात, तो या वर्गाचा सर्वांत समृद्ध भाग आहे. 440 कंपनांचा सूर वाजत असताना गजाचे केस तारेला सेकंदाला 440 वेळा पकडतात आणि 440 वेळा ती त्यांच्या पकडीतून सुटते. एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने तारेची ही विशिष्ट हालचाल उलगडून दाखवली. वजन कमी पडले तर पकड पुरती बसत नाही आणि शिट्टीसारखा वरवरचा आवाज येतो. वजन जास्त झाले तर तार वेळेवर सुटत नाही आणि नाद चिरडला जातो. घोडीजवळ वाजवायचे असेल तर वजन अधिक आणि वेग कमी हवा, घोडीपासून दूर जाल तसे वजन हलके करायला हवे. विलंबित आलापात एकच गज आठ-दहा मात्रा पुरवायचा असतो, तेव्हा वेग आपोआप कमी होतो; त्या वेळी गज तसाच पट्टीकडे ठेवून नुसता दाबला तर सूर घुसमटतो, त्याऐवजी तो घोडीकडे थोडा सरकवायला हवा. बाई हे नियम फळ्यावर लिहीत नाहीत. एका विद्यार्थ्याला गज फक्त ओढायला लावतात आणि स्वतः व्हायोलिनच थोडे पुढेमागे सरकवतात, म्हणजे हात तोच, वेग तोच, आणि जागा बदलल्यामुळे नाद कसा पालटतो ते त्याच्या कानाला कळते. टोकाकडे नाद का मरतो, याचेही उत्तर इथेच मिळते: तिथे हाताचे वजन पोहोचत नाही, म्हणून पुढचा हात किंचित आत वळवून तर्जनीने ते पोहोचवायचे असते. खांदा दाबून ते काम होत नाही.

डाव्या हाताकडे त्या बऱ्याच उशिरा येतात. येथे मुख्य शत्रू अंगठा आणि तर्जनीच्या मुळाची चिमट. पाश्चात्त्य पद्धतीत उभे राहून वाजवणाऱ्यांना वाद्य हनुवटीखाली सांभाळावे लागते, आणि जर्मन व्हायोलिनवादक लुई श्पोर यांनी 1820 च्या सुमारास हनुवटीची टेकणी काढली तीही डाव्या हाताला मोकळीक मिळावी म्हणून. आपल्या बैठकीत वाद्य पावलावर आणि छातीवर स्थिर असल्याने हात मुळातच मोकळा असतो. ही एवढी सोय असूनही विद्यार्थी वाद्याची मान आवळून धरतात, तेव्हा मींड घसरत येण्याऐवजी पायऱ्यापायऱ्यांनी येते. गायकी अंगाने, म्हणजे गळ्यातून गावे तसे, वाजवणाऱ्या एन. राजम किंवा डी. के. दातार यांचे वादन ज्यांनी ऐकले आहे, त्यांना ही अखंड मींड म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. मोकळ्या हाताशिवाय ती निघत नाही.

त्यासाठीचा अभ्यास असा. तारेच्या बरोबर मध्यावर बोट फक्त टेकवायचे, दाबायचे नाही. गज फिरवला की वरच्या सप्तकाचा बासरीसारखा स्वच्छ सूर येतो. आता त्याच जागी बोटाचे वजन कणाकणाने वाढवत जायचे. मधल्या टप्प्यावर आवाज फाटतो, आणि मग एका क्षणी भरीव सूर उमटतो. तिथेच थांबायचे, कारण सुराला लागणारा दाब तेवढाच आहे. त्या निवृत्त गृहस्थांनी हे केले तेव्हा आपण इतकी वर्षे बोट किती जोरात रुतवत होतो याचे त्यांना नवल वाटले, आणि बोटांच्या टोकांवर पडलेले खोल वळ त्यांनी बाईंना दाखवले.

सुरेलपणाविषयी बाईंचे म्हणणे मला, संवादिनीवाला म्हणून, विशेष लक्षात राहिले. हल्ली प्रत्येकाच्या फोनमध्ये सूर मोजणारे अ‍ॅप असते, आणि विद्यार्थी त्याची सुई मध्यावर आणण्याच्या मागे लागतात. ती सुई समान विभागलेल्या बारा स्वरांचे माप दाखवते. त्या मापात शुद्ध गंधार (ग) षड्जापासून (सा) 400 सेंटवर असतो (सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग), तर तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येणारा गंधार सुमारे 386 सेंटवर. म्हणजे सुई खूश झाली तर कान नाखूश होतो. आमच्या संवादिनीची ही मर्यादा साथीदारांना ठाऊक असते, पण ज्या वाद्याला पडदेच नाहीत त्याने ती मर्यादा विकत का घ्यावी? बाई पट्टीवर चिकटवलेल्या खुणा काढून टाकतात आणि तानपुरा लावतात. वाद्य प-सा-प-सा असे मिळवलेले असते. पहिल्या, म्हणजे वरच्या सा च्या मोकळ्या तारेवर त्या कागदाचा छोटा दुमडलेला तुकडा ठेवतात आणि विद्यार्थ्याला दुसऱ्या तारेवर तोच वरचा सा, म्हणजे तार षड्ज, लावायला सांगतात. सूर जरासा उतरा किंवा चढा असेल तर कागद स्वस्थ बसून राहतो. बोट केसभर सरकले आणि सूर नेमका लागला, की न छेडलेली तार थरथरते आणि कागद उडी मारतो. वर्गातल्या मुली यावर टाळ्या वाजवतात, आणि मलाही दर वेळी तितकाच आनंद होतो.

कंपाच्या, म्हणजे बोट हलवून सूर थरथरवण्याच्या, बाबतीत बाई कठोर आहेत. प्रत्येक स्वरावर हात हलवत राहण्याची सवय बहुधा चित्रपटगीते वाजवताना लागते आणि तिच्याआड कणसुरेपणा (सूर किंचित चुकणे) लपतो. त्या काही आठवडे कंप पूर्ण बंद करायला लावतात. दरबारी रागातल्या गंधाराचे आंदोलन, म्हणजे संथ हेलकावा, ही निराळी, रागाने मागितलेली गोष्ट आहे, हेही त्या वाजवून दाखवतात. रोझिन (गजाच्या केसांना लावायची राळ) फार लावू नये, गजाच्या केसांना हात लावू नये आणि वाजवून झाल्यावर गज सैल करावा, या गोष्टी एका वाक्यात उरकतात, आणि तेवढेच पुरेसे आहे.

उणिवाही सांगायला हव्यात. वर्ग एकत्र असतो आणि प्रत्येकाला सलग मिळणारा वेळ अपुरा वाटतो, विशेषतः परीक्षांच्या दिवसांत विद्यार्थी वाढले की. लेखी टिपण काहीच दिले जात नाही, त्यामुळे घरी गेल्यावर कोणती सूचना कोणत्या क्रमाने होती याचा गोंधळ होतो. पालकांनी वही घेऊन बसावे. गुडघेदुखीमुळे ज्यांना मांडी घालता येत नाही, त्यांना बाई खुर्चीवर बसवतात, परंतु त्या बैठकीत वाद्याला आधार कसा द्यायचा याकडे त्यांचे जितके लक्ष हवे तितके नाही. पाश्चात्त्य पद्धतीच्या परीक्षा देणाऱ्यांचा उजवा हात इथे नक्की सुधारेल, मात्र त्यांच्या डाव्या हाताच्या बोटांची मांडणी वेगळी असल्याने त्यांनी दुसरा शिक्षक पाहावा. शिवाय खोली रस्त्याच्या बाजूला आहे, आणि संध्याकाळी दुचाक्यांच्या आवाजात बारीक नाद ऐकणे कठीण जाते. सकाळची वेळ मिळाली तर तीच घ्यावी.

शुल्क शहरातील इतर वर्गांच्या मानाने थोडे अधिक आहे. मला ते रास्त वाटते, कारण इथे नवीन बंदिशी मिळत नाहीत, तर आधी शिकलेल्या बंदिशी वाजवण्याजोगा हात मिळतो. ज्यांना दर महिन्याला नवा राग हवा आहे, त्यांची मात्र इथे निराशा होईल.

जाण्यापूर्वी आपले वाद्य एकदा जाणकार कारागिराकडून तपासून घ्यावे. घोडीची कमान फार सपाट असेल तर गज एकाच वेळी दोन तारांना लागतो आणि तो दोष हाताचा समजला जातो. तारा पट्टीपासून फार उंच असतील तर डाव्या हाताची चिमट सुटणे जवळपास अशक्य होते. पुण्याच्या हवेचाही विचार करावा. पावसाळ्यात खुंट्या फुगून घट्ट बसतात, एप्रिल-मे महिन्यांत त्या आक्रसून घसरतात आणि मिळवलेली तार वर्गात पोहोचेपर्यंत उतरते. म्हणून उन्हाळ्यात प्रवेश घेणाऱ्यांनी खुंट्यांना लावायची पेस्ट किंवा निदान खडू बरोबर ठेवावा आणि ठरल्या वेळेच्या थोडे आधी पोहोचून वाद्य मिळवून घ्यावे, कारण बाई वर्ग वेळेवर सुरू करतात.